ळ (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

ळ : देवनागरी वर्णमालेतील एक मूर्धन्य पार्श्विक व्यंजन. उच्चार करताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी सुटते. मराठी वर्णमालेत ळ 'ह'नंतर येतो, कन्नड वर्णमालेतही 'ह'नंतरच. दोन्ही भाषांत त्याने शब्दाची सुरुवात होत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात या दोन भाषा घरोघरी शेजारी नांदतात. त्यामुळे येथील ळकाराचा विचार केवळ संस्कृत-प्राकृताच्या वाटेने पुरा होत नाही.

ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'अग्निमीळे' असा ळ आहे. दोन स्वरांमध्ये आलेल्या 'ड'चा ळ आणि 'ढ'चा ळ्ह होतो, हा ऋग्वेदाच्या शाकल पाठाचा नियम ऋक्प्रातिशाख्यात, म्हणजे ऋग्वेदाच्या उच्चारनियमांच्या ग्रंथात, नोंदलेला आहे. पाणिनीय परंपरेच्या शिवसूत्रांत, म्हणजे वर्णांच्या सूत्रबद्ध यादीत, मात्र या वर्णाला जागा नाही आणि अभिजात संस्कृतातही तो लिहिला जात नाही. पालीत तो पुन्हा भेटतो. उत्तरेकडील ब्राह्मी लेखांत त्याचे वेगळे चिन्ह होते, हे जर्मन संस्कृतज्ञ हाइन्रिख ल्यूडर्स यांनी दाखवले. संस्कृतात नाही म्हणून ळ परका, हे विधान अजूनही पुष्कळदा केले जाते. ते या पुराव्यापुढे टिकत नाही.

मराठीतील ळ मुख्यतः दोन उगमांतून आला. पहिला 'ड' : गुड–गूळ, तडाग–तळे, षोडश–सोळा. दुसरा, आणि संख्येने मोठा, स्वरांमध्ये एकेरी आलेला 'ल' : फल–फळ, मूल–मूळ, माला–माळ. प्राकृतात जेथे 'ल्ल' असे द्वित्व होते, तेथे मात्र मराठीत ल राहिला : तैल–तेल्ल–तेल, गल्ल–गाल. या नियमाचा सर्वांत स्वच्छ दाखला म्हणजे 'काल' आणि 'काळ' ही जोडी. संस्कृत 'काल' मराठीत 'काळ' झाला; आपला 'काल' आला तो 'कल्य', 'कल्ल' या वाटेने. आला, गेला, केला या भूतकाळी रूपांतील ल प्राकृत '-इल्ल' या प्रत्ययापासून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर मराठी क्रियापदात तेथे ळ का शिरला नाही, याचे उत्तर त्याच नियमात मिळते. कन्नडात मात्र क्रियापदाच्या स्त्रीलिंगी प्रत्ययात ळ आहे : 'अवळु बंदळु', म्हणजे ती आली. अनेकवचनाच्या '-गळु' प्रत्ययातही तोच.

एकेरी 'ल'चा ळ का झाला, याविषयी मतभेद आहेत. हा द्राविडी शेजाराचा परिणाम, असे एक मत. प्राकृतांतच झालेला अंतर्गत बदल, असे दुसरे. पहिल्या मताच्या बाजूने भूगोल बोलतो, कारण मराठीच्या दक्षिणेला कन्नड आणि तेलुगू या ळ जपणाऱ्या भाषा आहेत. परंतु गुजराती, राजस्थानी, पंजाबी आणि ओडिया यांतही ळ आहे, आणि तेथेही एकेरी व दुहेरी 'ल'चा भेद सामान्यतः याच रीतीने पाळला गेला आहे. पंजाबातील बदलाचे श्रेय कन्नडाला देता येत नाही. म्हणून बदल आतला आणि त्याला दक्षिणेत शेजाराने बळ दिले, ही मांडणी अधिक सयुक्तिक वाटते.

कन्नडाच्या बाजूने पाहिले, तर आजचा ळ हा दोन जुन्या ध्वनींचा संगम आहे. 'ओळगे' (आत) यातील ळ मूळचाच. 'एळु' (सात) आणि 'बाळे' (केळ) यांत मात्र जुन्या कन्नडात निराळे व्यंजन होते. तमिळात ते अजून आहे आणि देवनागरीत ते दाखवायचे झाल्यास 'ऴ' असे लिहितात. कन्नडात हे दोन्ही एकत्र आले ते साधारणपणे दहाव्या ते बाराव्या शतकांच्या आसपास, असे मानले जाते.

या पार्श्वभूमीवर बेळगाव हे नाव पाहावे. संस्कृत लेखांत या गावाला वेणुग्राम (वेणु म्हणजे बांबू) म्हटले आहे. सौंदत्तीच्या रट्ट राजघराण्याने तेराव्या शतकाच्या आरंभी येथे राजधानी आणली, आणि किल्ल्यातील कमल बस्ती (जैन मंदिर) ही इ.स. १२०४ मधील म्हणजे त्यांच्याच काळातली. 'वेणु'पासून 'बेळ' कसा, ही शंका स्वाभाविक आहे. पालीत 'वेणु'बरोबर 'वेळु' असेही रूप आढळते आणि मराठीत बांबूला वेळू म्हणतात, तेव्हा ळकाराची अडचण उरत नाही. राहिला 'व'चा 'ब'. तो कन्नडाचा नित्याचा बदल आहे : तमिळ 'वंदान्' (आला), कन्नड 'बंदनु'. कन्नडात बांबूला 'बिदिरु' हा वेगळाच शब्द आहे. म्हणजे शब्द प्राकृताच्या बाजूचा, आद्य व्यंजन कन्नड वळणाचे, असा हा जोड दिसतो. 'बेळगु' (उजेड) या कन्नड शब्दाशी नाव जोडण्याचाही मोह होतो. पण वेणुग्राम हे लेखांतले रूप पाहता ती लोकव्युत्पत्ती ठरते. बेळगुंदी, बेळवट्टी या शेजारच्या गावांना मात्र हाच उगम सरसकट लावणे धोक्याचे आहे, कारण कन्नड समासांत 'बेळ्' म्हणजे पांढरा असाही अर्थ असतो. श्रवणबेळगोळमधील 'बेळगोळ' म्हणजे पांढरे तळे, ते याच अर्थाने.

अशीच दुसरी जोडी वळे आणि बळे यांची. संस्कृत 'वलय' मराठीत 'वळे' झाले. बांगडीला कन्नडात 'बळे' म्हणतात. मात्र संस्कृतानेच 'वलय' द्राविडीकडून घेतले असेही मत आहे आणि ते सहज बाजूला सारता येत नाही. मराठी कडबोळे हे कन्नड 'कोडुबळे'चे रूप असावे. पोळीला कन्नडात 'होळिगे' म्हणतात. जुन्या कन्नडातील आरंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला, त्यामुळे हा फरक. मराठी कानाला त्यात होळी ऐकू येते, पण सणाचा त्या शब्दाशी संबंध नाही.

द्वित्त 'ळ्ळ' हा मराठीच्या अंगचा नाही, कन्नडाचा आहे. मराठीने हुब्बळ्ळीचे हुबळी करून तो एकेरी केला. परंतु बेळगावच्या दक्षिणेस राजहंसगडाच्या पायथ्याचे येळ्ळूर तेथील मराठी माणसे दोन्ही ळ राखूनच लिहितात. या भागात हा भेद कानाने शिकला जातो, आणि तो शिकावाच लागतो : कन्नडात 'हळ्ळी' म्हणजे खेडे, 'हल्ली' म्हणजे पाल, तर मराठीत 'हल्ली' म्हणजे आजकाल. मलप्रभा हे नाव तत्सम असल्यामुळे दोन्ही भाषांत ल राखून आहे.

उत्तर कोकणातील आगरी-कोळी बोलींत 'ळ'चा ल होतो, खानदेश-वऱ्हाडात पुष्कळदा य. सीमाभागात तो पक्का आहे.

रोमन लिपीत ल आणि ळ यांना एकच अक्षर असल्याने हा भेद पुसला जातो. Belgaum या रोमन रूपावरून हिंदीत 'बेलगाम' लिहिले गेले, आणि लगाम नसलेला असा भलताच अर्थ गावाच्या माथी बसला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक शासनाने अधिकृत नाव बेळगावी केले. मराठी भाषक बेळगाव म्हणतात. दोन्ही रूपांत ळ आहे, आणि देवनागरीत लिहिताना तो गाळणे ही चूक आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर देवनागरी आणि कन्नड, दोन्हींसाठी ळ एकाच जागी आहे : 'ल'च्या कळीवर, शिफ्ट दाबून.