मद्रासला सापडलेली सिल्व्हिया

लघुग्रह क्रमांक ८७, सिल्व्हिया. ती सापडली १६ मे १८६६ रोजी, मद्रासच्या वेधशाळेत. शोधक नॉर्मन पॉगसन तिथे १८६१ पासून सरकारी खगोलशास्त्रज्ञ होते. ताऱ्यांच्या एका प्रतीमागे (प्रत म्हणजे तेजाची पायरी) तेजात २.५१२ पटींचा फरक धरायचा, हे त्यांनीच १८५६ मध्ये सुचवलं होतं. मद्रासला आल्यावर लगेच, १७ एप्रिल १८६१ रोजी, त्यांना ६७ क्रमांकाचा ‘एशिया’ सापडला. आशिया खंडातून लागलेला हा लघुग्रहाचा पहिला शोध.

तेव्हा आकाशाचे फोटो घेऊन लघुग्रह शोधायची सोय नव्हती. क्रांतिवृत्तालगतच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेजवळच्या, ताऱ्यांचे नकाशे हातात घेऊन दुर्बिणीत दिसणारा एकेक तारा ताडून पाहायचा. नकाशात नसलेला ठिपका दिसला की शेजारच्या ताऱ्यापासूनचं अंतर मायक्रोमीटरनं मोजायचं, काही तासांनी किंवा दुसऱ्या रात्री पुन्हा मोजायचं. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीवरून सूर्याच्या विरुद्ध दिशेला दिसत असताना, वक्री (उलट्या दिशेनं जाणारी) सिल्व्हिया दिवसाला साधारण ११ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकते, म्हणजे चंद्रबिंबाच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त. तासाभरात जेमतेम अर्धी कला. फसायला जागा भरपूर: तो नकाशात राहून गेलेला तारा असू शकतो, मध्येच उजळलेला रूपविकारी तारा असू शकतो किंवा गणित चुकल्यामुळे भलतीकडे आढळलेला जुनाच लघुग्रह असू शकतो. त्यात लघुग्रह स्तंभी, म्हणजे दिशा बदलताना जागीच थबकलेला, असेल तर हालचाल कळतच नाही.

कक्षा काढायला किमान तीन स्थानं लागतात. पहिला लघुग्रह सेरेस, त्याच्यासाठी १८०१ मध्ये गणिती गाउसनं वापरलेली पद्धत हेच करते. तिन्ही वेध चार-पाच दिवसांतलेच असले तर मोजमापातली बारीकशी चूकही कक्षेच्या आकारात फार वाढून दिसते. म्हणून वेध आठवडेच्या आठवडे लांबवायचे आणि पुढच्या प्रतियुतीला पुन्हा गाठायचं. सिल्व्हियाची प्रतियुती दर चौदा महिन्यांनी येते.

तिची कक्षा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या अगदी बाहेरच्या कडेला आहे. सूर्यापासूनचं सरासरी अंतर सुमारे ३.४८ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), प्रदक्षिणा साडेसहा वर्षांची, पृथ्वीच्या कक्षेशी कल जवळजवळ ११ अंश, विकेंद्रितता (कक्षेचा लांबटपणा) ०.०९ च्या आसपास. सूर्याभोवती गुरूच्या दुप्पट फेऱ्या होतील अशी जागा ३.२७ एककांवर येते. तिथे गुरूची ओढ पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसत असल्यानं पट्ट्यात मोकळी फट पडली आहे. सिल्व्हिया त्या फटीच्या पलीकडे, सिबिली नावाच्या लघुग्रहगटात.

नावाचा घोळ मात्र पुष्कळ वर्षं चालला. हे नाव फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ कामीय फ्लामारियों यांच्या पत्नी सिल्व्ही यांच्यावरून पडल्याचं छापलं गेलं. पण त्यांचं लग्न १८७४ चं, आणि पॉगसननी १८६६ मध्येच लिहून ठेवलं होतं की नाव रोमन कथेतल्या रीया सिल्व्हियाचं, रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांच्या आईचं. मूळ टिपण पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, इतकंच.

फेब्रुवारी २००१ मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीतून ब्राउन आणि मार्गो या खगोलशास्त्रज्ञांना सिल्व्हियाचा एक उपग्रह दिसला. दुसरा फ्रांक मार्शी यांच्या गटाला चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीच्या २००४ च्या प्रतिमांत मिळाला. आईचं नाव आधीच ठरलेलं, तेव्हा मुलांची नावं शोधावी लागली नाहीत. रोम्युलस १,३५६ किमीवरून ३.६५ दिवसांत फिरतो, धाकटा रीमस ७०६ किमीवरून ३३ तासांत. पृथ्वीवरून पाहता रोम्युलसही सिल्व्हियापासून एका विकलेच्या (कलेच्या साठाव्या भागाच्या) आतच दिसतो. रीमस तर त्याहून जवळ आणि अंधूक, म्हणून तो तिच्या उजेडात हरवतो. हवेची थरथर भरून काढणाऱ्या आरशाशिवाय दोघांपैकी कोणी दिसला नसता.

उपग्रह मिळाला की वस्तुमान काढता येतं. रोम्युलसचं अंतर आणि काळ केप्लरच्या तिसऱ्या नियमात (अंतर, प्रदक्षिणेचा काळ आणि वस्तुमान यांची सांगड घालणाऱ्या) घातले की सिल्व्हियाचं वस्तुमान १.४८ गुणिले दहाचा १९ वा घात किलो येतं. सरासरी व्यास सुमारे २७० किमी धरला तर घनता पाण्याच्या दीडपटही भरत नाही. अखंड खडकाला ती फारच कमी आहे. आत पोकळ्या किंवा बर्फ, बहुधा दोन्ही, भरपूर असणार.

पॉगसननी १८६८ मध्ये मद्रासलाच शोधलेली कॅमिलाही याच सिबिली गटातली. तिलाही दोन उपग्रह निघाले, पहिला हबल अवकाश दुर्बिणीला २००१ मध्ये, दुसरा २०१६ मध्ये जाहीर झाला.