उदर, तीव्र

अचानक किंवा थोड्या तासांत सुरू झालेली पोटातील असह्य वेदना व तिच्यासोबतची लक्षणे यांना मिळून वैद्यकात ‘तीव्र उदर’ म्हणतात. ही तात्पुरती संज्ञा असून कारण निश्चित झाल्यावर तिची जागा मूळ रोगाचे नाव घेते. वेदना सुरू होऊन आठवडा उलटलेला नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. काही लेखक ही मर्यादा २४ तासांवर आणतात.

सुश्रुतसंहितेत बद्धगुदोदर (आतड्याचा मार्ग बंद होणे) व परिस्रावी उदर (आतड्याला छिद्र पडून स्राव पाझरणे) या विकारांवर पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया सांगितली आहे. आतड्याचे छिद्र मोठ्या मुंग्यांचा चावा देऊन सांधण्याची कृतीही तीत आढळते. संहितेचा काळ वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात. परंतु आज उपलब्ध असलेला पाठ अनेक हातांनी संस्कारित होत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत स्थिरावला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बद्धगुदोदराची लक्षणे आजच्या आंत्रावरोधाशी (आतड्यातील अडथळ्याशी) बरीच जुळतात. तथापि उदररोगांचे वर्णन मुख्यतः वाढत जाणाऱ्या फुगवट्याचे असल्याने त्यांना सरसकट तीव्र उदर मानता येत नाही. पश्चिमेकडे शल्यचिकित्सक क्लॉडियस अम्यांड यांनी १७३५ मध्ये लंडनमध्ये एका मुलाचे अंतर्गळाच्या (हर्नियाच्या) पिशवीत सापडलेले आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) काढले. तरीही उजव्या कुशीतील अशा दुखण्याचा दोष पुढे दीर्घकाळ उंडुकावरच (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर) येत राहिला. खरे उगमस्थान आंत्रपुच्छ आहे, हे १८८६ मध्ये बॉस्टनचे वैद्य रेजिनल्ड फिट्झ यांनी दाखवून दिले.

वेदनेचे दोन मार्ग लक्षात घेतल्याशिवाय निदानाचे तर्कशास्त्र उलगडत नाही. आतडे, पित्ताशय यांसारख्या पोकळ अवयवांना कापल्याची फारशी जाणीव होत नाही. ताण, जोराचे आकुंचन आणि रक्तपुरवठ्यातील खंड मात्र जाणवतो. ही वेदना मध्यरेषेवर, मोघम जागी उमटते: जठर व पित्तमार्गाची बेंबीच्या वर, लहान आतड्याची बेंबीभोवती, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची ओटीपोटात. पर्युदराच्या (उदरपोकळीच्या अस्तराच्या) भिंतीकडील थराला मात्र त्वचेप्रमाणेच शरीरतंत्रिका (शरीराच्या भिंतीच्या मज्जातंतू) पोहोचतात, म्हणून तेथील वेदना तीक्ष्ण असते आणि बोटाने दाखवता येते. आंत्रपुच्छशोथात (अपेंडिक्सच्या दाहात) आधी बेंबीभोवती दुखते व काही तासांनी दुखणे उजवीकडे खाली सरकते, ते दाह या थरापर्यंत पोहोचल्यामुळे. मध्यपटलाची (छाती व पोट यांमधील स्नायुपडद्याची) तंत्रिका मानेतून येत असल्याने त्याखाली रक्त किंवा पू साचल्यास खांदा दुखतो. रुग्ण हे आपणहून क्वचितच सांगतो, विचारावे लागते.

दाह, छिद्र, अवरोध, पीळ, रक्तस्राव आणि रक्तपुरवठा तुटणे या कारणांच्या मुख्य जाती होत. जठर किंवा ग्रहणीचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) व्रण फुटला की वेदना क्षणात सुरू होते व पोट फळीसारखे कडक बनते. असा रुग्ण हालचाल टाळतो. मूतखड्याच्या कळा आलेला रुग्ण उलट तळमळत राहतो. आतड्याची रोहिणी (शुद्ध रक्तवाहिनी) बंद पडल्यास वेदना भयंकर, पण पोट सुरुवातीला मऊ लागते. ही विसंगतीच महत्त्वाची खूण असून, हृदयाची लय अनियमित असलेल्या वृद्धात ती दिसल्यास थांबून चालत नाही. गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा आणि महारोहिणीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) फुगा फुटणे यांत रक्तस्रावाने काही मिनिटांतही मृत्यू ओढवू शकतो. हृद्‌रोहिणीविकाराचा झटका, फुफ्फुसाच्या खालच्या खंडाचा न्यूमोनिया, मधुमेहातील कीटोन-अम्लता (रक्तात कीटोन साठून वाढलेली आम्लता), पॉर्फिरिया (रक्तद्रव्यनिर्मितीतील एक चयापचय-दोष) व शिसे-विषबाधा ही कारणे पोटाबाहेरची असली तरी दुखते पोटातच. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील पोटशुळाचे मूळ सायडरमधील (सफरचंदाच्या मद्यातील) शिशात असल्याचे जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये मांडले होते.

निदानात वेदनेचा आरंभ व क्रम यांना पहिले स्थान आहे. वेदना आधी आणि उलटी नंतर, हा क्रम शस्त्रक्रियायोग्य विकाराकडे झुकतो. आधी धडधाकट असलेल्या माणसाचे पोट सहा तासांहून अधिक काळ तीव्रतेने दुखत असेल, तर कारण बहुधा शस्त्रक्रियेच्या कक्षेतले असते, हा ब्रिटिश शल्यचिकित्सक झॅकरी कोप यांचा दंडक अजूनही उपयोगी ठरतो. त्याच पिढीचा, निदानापूर्वी मॉर्फीन देऊ नये हा नियम मात्र टिकला नाही. वेदनाशामकाने लक्षणे झाकली जातात ही भीती पुढील चाचण्यांत फारशी खरी ठरली नाही. पोट दाबून हात झटकन सोडण्याची जुनी परीक्षा अकारण क्लेशकारक असून हलक्या हाताने ठोकून पाहिल्यास तीच माहिती मिळते. अंतर्गळाच्या जागा आणि वृषण तपासण्याचे राहून जाते, म्हणून त्यांचा वेगळा उल्लेख.

प्रजननक्षम वयातील स्त्रीची गर्भचाचणी आवश्यक मानतात. रक्तातील लायपेज (चरबी पचवणारे विकर) सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेल्यास अग्निपिंडशोथाला (स्वादुपिंडाच्या दाहाला) पुष्टी मिळते. उभ्याने काढलेल्या छातीच्या क्ष-किरण चित्रात मध्यपटलाखाली हवा दिसली तर छिद्र जवळजवळ निश्चित. न दिसल्याने ते नाकारता येत नाही. पित्ताशय व स्त्रीरोगांसाठी सोनोग्राफी, इतर बहुतेकांसाठी सीटी स्कॅन वापरतात. अवसादात (रक्तदाब कोसळून आलेल्या ‘शॉक’मध्ये) गेलेल्या रुग्णाला चित्रणासाठी अडकवून ठेवू नये.

वृद्धांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत पर्युदरशोथ (पर्युदराचा दाह) असूनही पोट मऊ राहू शकते. बऱ्याच रुग्णांत सर्व तपासण्यांनंतरही कारण सापडत नाही व दुखणे आपोआप थांबते. अशांना काही तासांनी त्याच वैद्याने पुन्हा तपासणे इष्ट. पन्नाशीपुढील अशा काही रुग्णांत नंतर मोठ्या आतड्याचा कर्करोग आढळतो, त्यामुळे दुखणे थांबल्यावरही त्यांची तपासणी पुढे चालू ठेवतात.