ग्रीक गिफ्ट (बुद्धिबळ)

किल्लेकोट केलेल्या (म्हणजे एकाच चालीत कडेला जाऊन हत्ती शेजारी घेतलेल्या) काळ्या राजापुढचे एच७ चे प्यादे (घराच्या नावातले अक्षर उभी पट्टी दाखवते, आकडा आडवी ओळ) पांढऱ्या उंटाने शह देत मारायचे, उंट गमवायचा आणि राजाला उघड्यावर ओढायचे, अशी बलिदानाची खेळी. काळ्याकडून तीच एच२ वर होते. ‘अभिजात उंटबळी’ असेही तिला म्हणतात.

हिचा जुना नमुना इटलीतील कॅलाब्रियाचा खेळाडू जोआकिनो ग्रेको याच्या हस्तलिखितांत आढळतो. काळ साधारण १६२० च्या आसपासचा धरतात. हे डाव प्रत्यक्ष खेळले गेले की शिकवण्यासाठी रचले, यावर मतभेद आहेत. प्रतिस्पर्धी अनामिक आहे आणि त्याच्या चुकाही नेमक्या सोयीच्या जागी होतात. त्यामुळे ते रचलेले असावेत, हे मत अधिक पटते.

नावाविषयी दोन मते आहेत. एक ते ग्रेकोच्या नावाशी जोडते. दुसरे ट्रॉयच्या लाकडी घोड्याशी, म्हणजे ग्रीकांनी सैनिक लपवून दिलेल्या भेटीशी: रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनीड’ महाकाव्यात ट्रॉयचा पुरोहित लाओकून, ग्रीक भेटी घेऊन आले तरी त्यांची भीती वाटते, असे बजावतो. ग्रेको हे आडनाव असून तो ग्रीक नव्हता. शिवाय पहिल्या मताने ‘भेट’ या शब्दाचा उलगडा होत नाही. ग्रेकोच्या नावाने ही उपमा रुळायला हातभार लावला असणे मात्र शक्य आहे.

खेळीचे यश पटावरील बारकाव्यांवर ठरते. ई५ वरील पांढऱ्या प्याद्याने एफ६ चा काळा घोडा हुसकावलेला असावा लागतो. राजाने उंट मारला की पांढरा घोडा जी५ वर शह देतो आणि वजीर एच५ कडे जायला मोकळा होतो. राजा जी८ वर परतल्यास एच७ वर माताची धमकी येते. तो एच६ वर गेल्यास आणि सी१ च्या उंटाचा कर्ण मोकळा असल्यास घोडा हलताच त्यामागच्या उंटाचा उघडा शह बसतो. राजाने जी६ वर जाणे हे उत्तर सर्वांत कठीण. तेथे हिशेब दर वेळी नव्याने करावा लागतो. ग्रेकोच्या डावात काळा उंट जी५ चा घोडा मारतो, पण एच४ चे प्यादे त्याला टिपते आणि एच पट्टी हत्तीला खुली होते. काळ्याचा घोडा एफ८ वर किंवा उंट एफ५ वर येऊन एच७ राखू शकत असेल, तर बलिदान बहुधा फसते. क्रोएशियाचे बुद्धिबळ लेखक व्लादिमिर व्हुकोविच यांनी या अटींची बारकाईने छाननी केली.

१८८९ मध्ये ॲम्स्टरडॅमला जर्मन खेळाडू इमानुएल लास्करने बाउअर या खेळाडूविरुद्ध एच७ पाठोपाठ जी७ वरही उंट दिला. दुहेरी उंटबळीचा हा प्रसिद्ध दाखला आहे.

बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय पद्धतीत आजचा किल्लेकोट नव्हता. शह लागण्यापूर्वी राजा एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल करी. त्यामुळे तेथे या खेळीची पार्श्वभूमीच वेगळी होती.