शेंगदाणा आधी पोटात की आधी त्वचेवर? बाळांच्या अन्न-अ‍ॅलर्जीची पार्श्वभूमी

1998 साली ब्रिटनमध्ये सरकारी तज्ज्ञ समितीने पालकांना एक सल्ला दिला. घरात कोणाला दमा, एक्झिमा (खाज सुटणारा त्वचेचा दाह) किंवा परागज्वर असेल, तर आईने गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना शेंगदाणा टाळलेला बरा, आणि बाळालाही तो तीन वर्षांचे होईपर्यंत देऊ नये. दोनच वर्षांनी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जोखमीच्या बाळांसाठी यादी काढली: दूध-दुभते एक वर्षानंतर, अंडे दोन वर्षांनंतर, शेंगदाणा, सुकामेवा आणि मासे तीन वर्षांनंतर. हेतू चांगला होता, पण हाताशी ठोस पुरावा नव्हता. पालकांनी सल्ला पाळला, तरी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कमी झाली नाही. अमेरिकेने 2008 मध्ये आणि ब्रिटनने 2009 मध्ये तो सल्ला मागे घेतला.

चूक कुठे झाली हे कळायला अ‍ॅलर्जी कशी तयार होते ते पाहावे लागते. 1921 मध्ये प्राउस्निट्झ या डॉक्टरने माशाची अ‍ॅलर्जी असलेल्या क्युस्टनर या सहकाऱ्याचे रक्तद्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतले. मग त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर तिथे गांधी उठली. म्हणजे अ‍ॅलर्जी रक्तातल्या कुठल्यातरी घटकामुळे होते. तो घटक, म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड, 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात इशिझाका दांपत्याला आणि स्वीडनच्या संशोधकांना सापडला. आयजीई आपोआप तयार होत नाही, शरीराची त्या प्रथिनाशी आधी गाठ पडावी लागते. पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली कितीतरी मुले तो पहिल्यांदा खातानाच सुजतात, ओकतात. मग आधीची गाठ पडली कुठे? बराच काळ संशय आईच्या आहारावर होता, आणि बिचाऱ्या आयांनी त्याचा दोष स्वतःकडे घेतला.

2003 मध्ये गिडियन लॅक या ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या एव्हन भागातल्या सुमारे चौदा हजार मुलांची माहिती तपासली. गर्भातच अ‍ॅलर्जी तयार झाल्याची खूण नाळेच्या रक्तात मिळाली नाही. संबंध दिसला तो वेगळ्याच गोष्टींशी: बाळाच्या अंगावरचे पुरळ, एक्झिमा, आणि त्यावर चोळलेली शेंगदाणा तेलाची मलमे.

त्वचेकडे बोट दाखवणारा पुढचा पुरावा 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून आला. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन काही जणांत जनुकदोषामुळे कमी बनते आणि त्यांना एक्झिमा होण्याची शक्यता बरीच वाढते. अशा त्वचेतून पाणी बाहेर जाते आणि बाहेरचे कण आत शिरतात. घरातल्या धुळीतही शेंगदाण्याचे प्रथिन सापडते. खाजवून सोललेल्या, दाह असलेल्या कातडीतून ते आत गेले की तिथल्या पेशी धोक्याचा इशारा देतात आणि आयजीई बनवणारी फळी कामाला लागते. तेच प्रथिन तोंडावाटे आतड्यात गेले, तर तिथली यंत्रणा बहुतेक वेळा ते अन्न म्हणून स्वीकारायला शिकते. लॅक यांनी 2008 मध्ये ही दुहेरी वाटेची कल्पना मांडली. त्वचेची वाट बाळांपुरतीच नाही, याचा दाखला जपानने दिला. गव्हाचे विघटित प्रथिन घातलेला चेहऱ्याचा साबण वापरून तिथे दोन हजारांवर लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. त्यात वर्षानुवर्षे गहू खाणारी माणसे होती.

1998 च्या सल्ल्याने नेमके काय केले, ते आता दिसते. बाळाच्या तोंडाची वाट बंद झाली. घरात मोठी माणसे शेंगदाणा खातच होती, त्यामुळे त्वचेची वाट उघडी राहिली.

2008 मध्येच ब्रिटन आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना झाली. वंश साधारण सारखा, पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ब्रिटनमध्ये 1.85 टक्के आणि इस्रायलमध्ये 0.17 टक्के. इस्रायली बाळे आठव्या-नवव्या महिन्यापासून बांबा नावाचे शेंगदाण्याचे कुरमुरीत खाणे खात होती, ब्रिटिश बाळांना शेंगदाणा जवळजवळ मिळतच नव्हता. हे निरीक्षण झाले, सिद्धता नव्हे. ती 2015 मध्ये लीप (LEAP) नावाच्या ब्रिटनमधल्या अभ्यासाने दिली. तीव्र एक्झिमा, अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा दोन्ही असलेली 4 ते 11 महिन्यांची 640 बाळे घेतली. निम्म्यांना आठवड्याला किमान 6 ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन तीन किंवा जास्त वेळांत विभागून दिले, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केले. सुरुवातीला त्वचा-चाचणी (कातडीवर शेंगदाण्याचा अर्क टोचून पाहणे) निगेटिव्ह असलेल्यांत पाच वर्षांच्या वयात टाळणाऱ्यांपैकी 13.7 टक्क्यांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी 1.9 टक्क्यांना. ज्यांच्या त्वचा-चाचणीत 4 मिलिमीटरपेक्षा मोठी गांध उठली त्यांना मात्र अभ्यासात घेतलेच नव्हते. इतक्या लहान वयातही काहींची वेळ टळून गेलेली असते.

अंड्याच्या बाबतीत रूप आणि मात्रा यांवर सगळे अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियात एक्झिमा असलेल्या बाळांना कच्च्या अंड्याची पूड दिली, तेव्हा जवळपास एक तृतीयांश बाळांना रिअ‍ॅक्शन आली. जपानमध्ये आधी एक्झिमा औषधाने आटोक्यात आणला आणि सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची 50 मिलिग्रॅम पूड रोज दिली. ती सुमारे 0.2 ग्रॅम उकडलेल्या अंड्याएवढी होते. नवव्या महिन्यापासून मात्रा 250 मिलिग्रॅम केली. वर्षाच्या वयात अंड्याची अ‍ॅलर्जी 8 टक्के निघाली, तुलनेसाठी अंड्याऐवजी भोपळ्याची पूड मिळालेल्या गटात 38 टक्के.

बाकीची कारणे थोडक्यात. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मांडलेला अतिस्वच्छतेचा मुद्दा (लहानपणी जंतूंशी संपर्क कमी आल्याने अ‍ॅलर्जी वाढते हा), सिझेरियन, लहानपणीची अँटिबायोटिक्स, ड जीवनसत्त्वाची कमतरता या सगळ्यांवर अभ्यास झाले, पण निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. परिसराचा प्रभाव मात्र खरा आहे. आशियात जन्मून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मुलांपेक्षा तिथेच जन्मलेल्या आशियाई वंशाच्या मुलांत सुकामेवा-शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त आढळली. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांनी हे लक्षात ठेवावे. भारतात प्रमाण अजून कमी दिसते. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जी 0.14 टक्के निघाली, जरी रक्तात आयजीई असलेली मुले पुष्कळ होती. म्हणून नुसता रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून बाळ विनातक्रार खात असलेला पदार्थ बंद करू नये. एक्झिमाच्या मुलांत असे पदार्थ तोडल्यावर पुढे खरी अ‍ॅलर्जी उद्भवल्याची नोंद आहे.

आपल्याकडे दाण्याचे कूट घरोघरी असते, आणि उष्टावणाचे वयही सहा महिन्यांच्या आसपासचेच. अख्खा किंवा भरडलेला दाणा बाळाला कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. कूट अगदी बारीक करून कोमट पाण्यात किंवा पातळ खिमटीत सारखे कालवावे. पहिल्या दिवशी बाळ ठणठणीत असताना चमच्याच्या टोकावर येईल एवढेच चाटवावे, दहा मिनिटे थांबावे, मग उरलेले सावकाश द्यावे आणि दोन तास लक्ष ठेवावे. अंगावर गांधी, ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज, पुन्हा पुन्हा उलटी, खोकला, घरघर किंवा बाळ एकदम मलूल होणे यांपैकी काही दिसले, तर लगेच दवाखाना गाठावा. सोसले तर लीपमधल्या मात्रेच्या हिशेबाने एका वेळी सुमारे 8 ग्रॅम कूट, आठवड्यातून तीनदा. एकदा देऊन सोडून देणे हा यातला नेहमीचा घोटाळा. तीव्र एक्झिमा असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आधीच दिसली असेल, तर घरी सुरुवात न करता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सोललेल्या त्वचेवर घाण्याचे शेंगदाणा तेल किंवा डाळीचे पीठ चोळू नये. घाण्याच्या तेलात थोडे प्रथिन उरते, पीठ तर प्रथिनाने भरलेलेच असते.

एवढे कळूनही प्रश्न सुटलेला नाही. ऑस्ट्रेलियाने 2016 मध्ये पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सांगितले, पालकांनी दिलाही, तरी मेलबर्नच्या बाळांत अ‍ॅलर्जी 3.1 वरून 2.6 टक्क्यांपर्यंतच आली. ब्रिटनमध्ये 1394 बाळांवर झालेल्या चाचणीत जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावूनही एक्झिमा टळला नाही, उलट त्वचेचे संसर्ग थोडे वाढले. जपानमध्ये एक्झिमावर सुरुवातीलाच जोरदार स्टेरॉइड मलमांचे उपचार केले, तेव्हा अंड्याची अ‍ॅलर्जी कमी झाली, पण बाळांचे वजन आणि उंची थोडी मागे राहिली. किती सौम्य औषध, किती दिवस, हा हिशेब अजून बसवायचा आहे.