प्राप्तिकराऐवजी राष्ट्रीय विक्रीकर : अमेरिकेतील वाद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत केंद्र सरकारचा प्राप्तिकर रद्द करून त्याच्या जागी किरकोळ विक्रीवर देशभर एकच कर बसवावा, असा प्रस्ताव गेली सुमारे तीन दशके मांडला जात आहे. ‘फेअरटॅक्स’ या नावाचे विधेयक हे त्याचे सर्वांत परिचित रूप होय. जॉर्जिया राज्यातील रिपब्लिकन सदस्य जॉन लिंडर यांनी ते १९९९ मध्ये प्रतिनिधीगृहात प्रथम मांडले. पुढे प्रत्येक नव्या काँग्रेसमध्ये, म्हणजे दर दोन वर्षांनी नव्याने भरणाऱ्या अमेरिकी संसदेत, ते पुन्हा दाखल होत राहिले आणि ‘एच. आर. २५’ हा क्रमांक त्याची ओळखच बनला. विधेयक आजवर समितीच्या टप्प्यापलीकडे गेलेले नाही. तरीही कराचा भार कमाईवर असावा की खर्चावर, या जुन्या वादाला त्याने ठोस आकड्यांचे रूप दिले, आणि हे आकडेच त्याच्या समर्थकांना सर्वाधिक अडचणीचे ठरले.

या वादाला उलट दिशेचा एक इतिहास आहे, आणि तो बहुधा विसरला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेच्या केंद्र सरकारचा खर्च मुख्यतः आयात शुल्कावर आणि दारू-तंबाखूवरील अबकारी करांवर, म्हणजे उपभोगावरील करांवरच चालत असे. यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी १८६१ मध्ये प्राप्तिकराचा कायदा झाला, पण १८७२ मध्ये तो कर बंद पडला. १८९४ मध्ये तो पुन्हा बसवला गेला, तेव्हा पोलॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. आयात शुल्काचा बोजा आपल्याच माथी येतो अशी दक्षिणेतल्या आणि पश्चिमेतल्या शेतकऱ्यांची तक्रार होती. तिला मिळालेले उत्तर म्हणजे १९१३ ची सोळावी घटनादुरुस्ती, जिने काँग्रेसला प्राप्तिकर बसवण्याचा निर्विवाद अधिकार दिला. म्हणजे उपभोगावरील कर गरिबाला जड जातो, या आक्षेपातूनच प्राप्तिकर आला होता.

त्यानंतरही विक्रीकराचा विचार अधूनमधून डोके वर काढत राहिला. महामंदीत तिजोरी रिकामी झाली असताना १९३२ मध्ये उत्पादकांच्या विक्रीवर २.२५ टक्के कर बसवण्याचा प्रस्ताव प्रतिनिधीगृहात आला. फिओरेल्लो ला ग्वार्डिया आणि रॉबर्ट डाउटन या सदस्यांनी पक्षनेत्यांविरुद्ध बंड पुकारून तो हाणून पाडला. केंद्राने सोडलेली ही जागा त्याच दशकात राज्यांनी व्यापली. आज ४५ राज्ये विक्रीकर घेतात; अलास्का, डेलावेअर, माँटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांत राज्यपातळीवरील सर्वसाधारण विक्रीकर नाही. दुसऱ्या महायुद्धात प्राप्तिकर मूठभर श्रीमंतांपुरता न राहता पगारदार जनतेचा कर झाला आणि १९४३ पासून तो पगारातूनच कापला जाऊ लागला. दरवर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत विवरणपत्र भरण्याचा वैताग आणि इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस, म्हणजे आयआरएस, या करवसुली खात्याविषयीचा राग यांची मुळे या विस्तारात आहेत. फेअरटॅक्सच्या लोकप्रियतेत विक्रीकराच्या प्रेमापेक्षा या रागाचा वाटा मोठा आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

विधेयकाची व्याप्ती नावावरून वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. त्यात केवळ व्यक्तींचा प्राप्तिकर नव्हे, तर कंपन्यांवरील कर, वारसा व देणगी कर, आणि सामाजिक सुरक्षा (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) यांसाठी पगारातून होणारी कपातही रद्द होते. त्या बदल्यात नव्या वस्तू आणि जवळपास सर्व सेवा यांच्या अंतिम विक्रीवर एकच कर लागतो. डॉक्टरची फी, वकिलाची फी, घरभाडे, नवे घर हे सारे करपात्र ठरते. जुन्या वस्तूंची पुनर्विक्री, व्यवसायासाठी केलेली खरेदी आणि शिक्षणाचे शुल्क यांना कर नाही. वसुली राज्यांनी करायची, आणि त्याबद्दल वसूल रकमेच्या एक टक्क्याचा चौथा हिस्सा त्यांनी ठेवून घ्यायचा. आयआरएस बंद करायची. कायदा झाल्यापासून सात वर्षांत सोळावी घटनादुरुस्ती रद्द झाली नाही तर नवा विक्रीकरच संपुष्टात यावा, असेही कलम त्यात आहे. प्राप्तिकर मागल्या दाराने परत येऊन दोन्ही कर एकदम डोक्यावर बसतील ही भीती समर्थकांनाही होती, हे त्यावरून दिसते.

कराचा दर विधेयकात २३ टक्के सांगितला आहे, आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते. समजा दुकानदाराची मूळ किंमत ७७ डॉलर आहे आणि तिच्यावर कर २३ डॉलर आहे. गिऱ्हाइकाच्या खिशातून १०० डॉलर जातात. विधेयक या १०० डॉलरमधले २३ मोजते आणि दर २३ टक्के म्हणते. अमेरिकेतली राज्ये मात्र विक्रीकर मूळ किमतीवर मोजतात, भारतातला जीएसटीही तसाच मोजला जातो; त्या पद्धतीने ७७ डॉलरवर २३ डॉलर म्हणजे २९.८७ टक्के, ढोबळमानाने ३० टक्के होतात. समर्थकांचे समर्थन असे की, प्राप्तिकराचा दरही कर धरूनच सांगितला जातो: १०० डॉलर कमावले, २३ कर गेला, ७७ हाती आले, तर त्याला कोणी ३० टक्के म्हणत नाही, तेव्हा दोन करांची तुलना करायची तर मोजपट्टी एकच हवी. युक्तिवाद तर्काला धरून आहे. पण दुकानाच्या पावतीवर वर्षानुवर्षे किमतीखाली कराची ओळ वाचणाऱ्या ग्राहकाला २३ हा आकडा सांगणे आणि बिलात ३० टक्के वाढ दिसणे यांतली तफावत राजकारणात झाकून राहत नाही.

त्याहून कठीण प्रश्न हा की, एवढ्या दरात सरकारचे भागेल काय. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेल्या, माजी सेनेटर कॉनी मॅक यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार मंडळाने २००५ मध्ये किरकोळ विक्रीकराचा विचार केला आणि त्याची शिफारस न करण्याचे ठरवले. कराचा पाया, म्हणजे कर लागणाऱ्या खर्चाची व्याप्ती, विस्तृत ठेवला तरी केवळ प्राप्तिकराची भरपाई करण्यासाठी, पगारातून होणाऱ्या कपातीला (पुढे ‘पगारकपात’) हात न लावता, मूळ किमतीवर सुमारे ३४ टक्के कर लागेल, असा त्याचा हिशेब होता. पाया अरुंद झाला किंवा करचुकवेगिरी वाढली तर दर त्याहूनही चढतो. ब्रुकिंग्ज संस्थेचे विल्यम गेल यांनी फेअरटॅक्ससाठी मूळ किमतीवर ४४ टक्के दर काढला, आणि तोही करचुकवेगिरी अजिबात होणार नाही असे गृहीत धरून. उलट अर्थतज्ज्ञ लॉरेन्स कोटलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर धरून २३.८२ टक्के दर पुरेल असे म्हटले. अर्थतज्ज्ञांत एवढा फरक पडण्याचे एक कारण तपासण्यासारखे आहे. फेअरटॅक्सच्या पायात सरकारी खर्चही धरलेला आहे, म्हणजे सरकार रणगाडे विकत घेताना किंवा कर्मचाऱ्यांचे पगार देताना स्वतःलाच कर भरणार. हा कर जमेच्या बाजूला धरायचा आणि त्यामुळे वाढलेला सरकारी खर्च मात्र खर्चाच्या बाजूला धरायचा नाही, असे केल्यास ताळेबंद कागदावर जुळतो, तिजोरीत जुळत नाही. राज्य सरकारे आणि नगरपालिका यांना हा कर खरोखरच खिशातून भरावा लागेल, आणि तो अखेर त्यांच्या करदात्यांवरच येईल.

असाच घोटाळा किमतींबाबत झाला. कंपन्यांवरील कर आणि पगारकपात यांचा भार सध्याच्या किमतींत दडलेला असून तो निघून गेल्यावर वस्तू जवळजवळ तितक्याच स्वस्त होतील, असे प्रचारात सांगितले गेले. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ डेल जॉर्गेन्सन यांच्या अभ्यासाचा त्याला आधार होता. पण किमती तेवढ्या उतरायच्या तर मालकाने पगाराचा खर्चही कमी केला पाहिजे, म्हणजे कर कापून आज कामगाराच्या हाती जेवढे पडतात तेवढेच पैसे त्याला यापुढे मिळाले पाहिजेत. पूर्ण पगार हाती यावा आणि दुकानातल्या किमतीही उतराव्यात, ही दोन्ही आश्वासने एकाच वेळी खरी होऊ शकत नाहीत.

गरीब कुटुंब आपल्या उत्पन्नाचा जवळजवळ सगळा भाग खर्च करते आणि श्रीमंत कुटुंब थोडाच, त्यामुळे वार्षिक उत्पन्नाच्या हिशेबाने विक्रीकर प्रतिगामी, म्हणजे गरिबाला प्रमाणाने अधिक जड, असतो, हा आक्षेप समर्थकांनी आधीच ओळखला होता. त्यावर त्यांनी ‘प्रीबेट’ची तोड काढली: प्रत्येक कुटुंबाला दारिद्र्यरेषेइतक्या खर्चावरचा कर दर महिन्याच्या आरंभी आगाऊ परत द्यायचा. २०२४ मध्ये एका व्यक्तीसाठी दारिद्र्यरेषेचे मार्गदर्शक उत्पन्न वर्षाला १५,०६० डॉलर होते. त्यावर २३ टक्क्यांनी महिन्याला सुमारे २८९ डॉलर होतात. पतिपत्नींना त्याच्या दुप्पट मिळतात. हा धनादेश अब्जाधीशालाही मिळणार असल्यामुळे त्याचा खर्च प्रचंड आहे. २००५ च्या मंडळाने तो वर्षाला ६०० ते ७८० अब्ज डॉलर धरला होता. सरकारचा हात आखडता असावा म्हणणाऱ्या पक्षातून निघालेला प्रस्ताव बहुसंख्य कुटुंबांना दरमहा सरकारी धनादेश पाठवतो, ही विसंगती परंपरावादी टीकाकारांनाही खटकली. प्रीबेटमुळे अगदी तळच्या थराचे बरेच रक्षण होते हे मान्य करावे लागते. पगारकपात हीसुद्धा प्रतिगामी आहे आणि कमी पगाराच्या असंख्य कामगारांना ती प्राप्तिकरापेक्षा जड जाते, हा समर्थकांचा मुद्दा तर त्यांच्या सर्व मुद्द्यांत भक्कम. पण तळाला सूट आणि वरच्या थराच्या बचतीला सूट दिल्यावर उरलेला भार मधल्या थरावर सरकतो, आणि हे गणित कुठल्याही तरतुदीने पालटत नाही.

निवृत्तांचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांनी आयुष्यभर प्राप्तिकर भरून उरलेल्या पैशांची बचत केली, त्यांना ती खर्च करताना पुन्हा ३० टक्के मोजावे लागतील. महिन्याला २,००० डॉलर भाडे देणाऱ्या वृद्ध जोडप्याचे भाडे करासह २,६०० डॉलरच्या घरात जाईल. उलट अमेरिकेत मिळवून मायदेशी खर्च करणाऱ्याला, उदाहरणार्थ न्यू जर्सीत नोकरी करून पुण्यात बंगला बांधणाऱ्या मराठी अभियंत्याला, त्या पैशांवर अमेरिकेत जवळजवळ काहीच कर लागणार नाही. कारण कर अमेरिकेतल्या उपभोगावर आहे, कमाईवर नाही.

बचतीवर कर नको हा विचार अर्थशास्त्रात जुना आणि प्रतिष्ठित आहे. केंब्रिजचे निकोलस कॅल्डॉर यांनी १९५० च्या दशकात व्यक्तीच्या एकूण खर्चावर चढत्या दराने कर आकारण्याची कल्पना मांडली. त्यांच्याच सल्ल्याने भारताने १ एप्रिल १९५८ पासून खर्चकर लागू केला. तो १९६२ मध्ये रद्द झाला, १९६४ मध्ये पुन्हा आला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. त्यातून मिळकत क्षुल्लक झाली आणि हिशेब तपासण्याचा व्याप मोठा ठरला. तो मात्र प्राप्तिकराच्या जोडीला होता, बदली नव्हता. महाराष्ट्रात अनिल बोकील यांच्या ‘अर्थक्रांती’ने आयात शुल्क वगळता बाकीचे कर काढून बँक व्यवहारांवर एकच अल्प कर बसवण्याचा प्रस्ताव मांडला आहे. त्याचे यंत्र फेअरटॅक्सपेक्षा वेगळे असले, तरी विवरणपत्र आणि करखाते एका फटक्यात हद्दपार करण्याची ओढ तीच आहे.

वसुलीच्या बाजूने पाहिले तर किरकोळ विक्रीकराची मुख्य उणीव अशी की सगळा कर साखळीच्या शेवटच्या दुव्यावर, म्हणजे दुकानदारावर लटकतो. जीएसटीसारख्या मूल्यवर्धित करात प्रत्येक टप्प्यावर थोडा कर भरला जातो आणि पुढच्याला त्याची वजावट मिळते. त्यामुळे खरेदीदारालाच पक्के बिल हवे असते, आणि शेवटच्याने बुडवले तरी मागचा कर जमा झालेला असतो. एकेरी विक्रीकरात ही सोय नाही. धंद्याच्या नावाने करमुक्त घेतलेला लॅपटॉप मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर गेला, तर ते कोण आणि कसे पकडणार? आयआरएसच्याच पाहणीनुसार कर उगमस्थानीच कापल्या जाणाऱ्या पगाराच्या बाबतीत खोटी माहिती जेमतेम १ टक्का, तर ज्या उत्पन्नाची तिऱ्हाइताकडून नोंद होत नाही तिथे ती निम्म्याहून अधिक आढळते. फेअरटॅक्स पहिल्या, भरवशाच्या वसुलीचा त्याग करून दुसऱ्या प्रकारच्या लोकांवर, म्हणजे लहान व्यावसायिकांवर, सारी मदार ठेवतो. त्यातच राज्याचा आणि स्थानिक मिळून अनेक ठिकाणी ७-८ टक्के होणारा विक्रीकर वर चढला की चोरट्या विक्रीचा मोह आणखी वाढतो. शिवाय आयआरएस बंद झाली तरी दुकानांची तपासणी, प्रीबेटसाठी कुटुंबांची नोंदणी आणि दंडवसुली करणारे कोणीतरी लागेलच. ते राज्यांच्या कचेऱ्यांत बसेल, एवढाच फरक.

राजकारणात हा प्रस्ताव दोनदा विशेष गाजला. २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी रिंगणात उतरलेले माइक हकाबी यांनी तो आपल्या प्रचाराचा मुख्य मुद्दा केला. २०२२ च्या कायद्याने आयआरएसला सुमारे ८० अब्ज डॉलर दिल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये जॉर्जियाचेच बडी कार्टर यांनी विधेयक पुन्हा मांडले. सभापतिपद मिळवताना केविन मॅकार्थी यांनी बंडखोर सदस्यांना त्यावर विचार करण्याचे आश्वासन दिल्याची चर्चा होती; पण स्वतः मॅकार्थी यांनी आपला विरोध सांगितला, आणि करकपातीचे कट्टर पुरस्कर्ते ग्रोव्हर नॉर्क्विस्ट यांनीही त्याच्याविरुद्ध लेखणी उचलली. राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी तर ‘प्रत्येक वस्तूवर ३० टक्के कर’ म्हणून त्याचा प्रचारात मनसोक्त वापर केला. रिपब्लिकन नेत्यांना हे विधेयक विरोधकांच्या हातातले आयते हत्यार वाटू लागले. २०२५ मध्ये कार्टर यांनी ते पुन्हा दाखल केले, तेव्हा चर्चेचा रोख आयात शुल्कातून प्राप्तिकराची भरपाई करण्याच्या डोनाल्ड ट्रम्प यांच्या कल्पनेकडे वळला होता. २०२४ च्या अर्थवर्षात व्यक्तींच्या प्राप्तिकराचे उत्पन्न सुमारे २,४०० अब्ज डॉलर होते, आणि आयात शुल्काचे ७७ अब्ज. सोळावी दुरुस्ती रद्द करायची झाल्यास दोन्ही सभागृहांचे दोनतृतीयांश बहुमत आणि ३८ राज्यांची संमती लागेल.