झिजलेले डच ‘डुइट’ कसे ओळखावे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ओळख पटवून घेण्यासाठी आमच्या दुकानात येणाऱ्या जुन्या युरोपीय नाण्यांत डच ईस्ट इंडिया कंपनीचे तांब्याचे ‘डुइट’ वरचेवर असते. ग्राहक आधी सन शोधतात आणि तो दिसला नाही की नाणे ओळखता येण्याजोगे नाही असे ठरवून मोकळे होतात. वास्तविक सन सर्वांत शेवटी पाहावा.

नाणे घासू नये, ही पहिली विनंती. चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पूड लावल्यास तांबे लखलखते खरे, पण वरचा गडद थर आणि त्याच्यासोबत उरल्यासुरल्या रेषाही निघून जातात व संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत उतरते. त्याऐवजी खोलीत अंधार करून विजेरीचा झोत नाण्याच्या कडेवरून तिरपा टाकावा आणि नाणे सावकाश फिरवत भिंगातून पाहावे. समोरून न दिसणारा उठाव सावलीमुळे दिसू लागतो.

एका बाजूस मोठा ‘व्ही’, त्याच्या डाव्या भुजेवर ‘ओ’, उजव्या भुजेवर ‘सी’ अशी कंपनीच्या डच नावातील आद्याक्षरांची गुंफण आणि खाली सन असतो. दुसऱ्या बाजूस ज्या डच प्रांतात नाणे पाडले त्याची मुकुटधारी ढाल असते, आणि आमच्या मते खरी ओळख तीच पटवते. हॉलंडच्या ढालीत मागच्या पायांवर उभा एकच सिंह असतो, झीलंडच्या ढालीत लाटांतून अर्धा वर आलेला सिंह, वेस्ट फ्रिसलंडच्या ढालीत एकाखाली एक चालणारे दोन सिंह, तर उट्रेख्टच्या ढालीला दोन्ही बाजूंनी सिंहांचा आधार असतो. हॉलंड आणि झीलंड यांत हमखास गल्लत होते. अशा वेळी ढालीचा फक्त खालचा भाग निरखावा : आडव्या लहरी दिसल्यास झीलंड, सिंहाचे मागचे पाय दिसल्यास हॉलंड.

व्यास साधारण २१ ते २२ मिलिमीटर आणि वजन सुमारे ३ ग्रॅम असते. झिजलेले नाणे अर्थातच हलके भरते. प्रांताची ढाल असलेल्या या नाण्यांवरील सन ‘१७’ नेच सुरू होतो, त्यामुळे शेवटचे दोनच अंक शोधायचे असतात.

नेदरलँड्समध्ये आठ डुइटांचा एक स्टायव्हर (डुइटाहून मोठे डच नाणे) होई, तर पूर्वेकडील डच वसाहतींत चारच डुइटांना तो मिळे. त्यामुळे खासगी लोक साधी डुइटे जहाजातून चोरून नेत. याला आळा घालण्यासाठी १७२६ पासून कंपनीची गुंफण असलेली वेगळी डुइटे पाडली जाऊ लागली. काही विक्रेते हेच नाणे ‘न्यूयॉर्कची पेनी’ म्हणून चढ्या भावाने विकतात. न्यू ॲमस्टरडॅम (न्यूयॉर्कचे डच काळातील नाव) १६६४ मध्येच इंग्रजांच्या हाती गेले होते आणि तेथील कारभारही दुसऱ्याच डच कंपनीकडे होता, तेव्हा या नावावर पैसे घालवू नयेत.

मुंबई इलाख्याची १७९१ ची तांब्याची नाणीही झिजल्यावर फसवतात. त्यांवर इंग्रज कंपनीचे चार भागांत विभागलेले हृदयाकृती चिन्ह असून मागे तराजू व फारसीतील ‘अदल’ हा शब्द असतो. तराजूची दांडी दिसली तर नाणे डच नाही.

झिजलेले डुइट दुर्मिळ नाही, म्हणून मोठ्या किमतीची अपेक्षा धरू नये. नाणे जमिनीत पुरलेल्या स्थितीत सापडले असल्यास १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातील नातेवाइकांसाठी अशा नाण्यांची मागणी आम्ही स्वीकारत नाही.