अंदाज, मोजणी आणि ‘पडताळणी’ या शब्दाचा घोळ

बदलापूर नगरपरिषदेचे मतदान २ डिसेंबर २०२५ ला झाले आणि मोजणी २१ डिसेंबरला. मूळ कार्यक्रमात मोजणी दुसऱ्याच दिवशी होती. पण न्यायालयातल्या अपिलांमुळे काही ठिकाणचे मतदान २० तारखेवर गेले, शेजारचे अंबरनाथही त्यातच होते, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळे निकाल एकदमच लावायला सांगितले. २० तारखेचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोलही दाखवायचे नाहीत, हेही त्याच आदेशात होते. एकोणीस दिवस यंत्रे कुलपात राहिली. बाहेर ना अधिकृत आकडा, ना अंदाज. राज्यात ठिकठिकाणी उमेदवारांची माणसे स्ट्राँगरूमबाहेर रात्रपाळी लावून बसली.

सुरुवात इथून करण्याला कारण आहे. एक्झिट पोल आणि निकाल यांत फरक पडला की लोकांना संशय येतो, असे नेहमी म्हटले जाते. बदलापुरात एक्झिट पोल नव्हताच, संशय मात्र होता. म्हणजे अंदाजाने संशय जन्माला येत नाही. आधीपासून मनात असलेल्या संशयाला तो एक आकडा पुरवतो. हा आधीचा संशय कुठून आला हे पाहायचे तर २०२४ या एका वर्षावर बराच वेळ थांबावे लागेल.

ठाणे आणि कल्याणने लोकसभेचे मतदान २० मे २०२४ ला केले. देशातला शेवटचा टप्पा १ जूनला, शनिवारी संपला आणि त्याच संध्याकाळी वाहिन्यांवर केंद्रातल्या सत्ताधारी आघाडीला साडेतीनशे ते चारशे जागा दिसू लागल्या. सोमवारी सेन्सेक्स अडीच हजारांवर अंकांनी चढला. मंगळवारी, ४ जूनला, त्या आघाडीच्या जागा २९३ वर थांबल्या आणि सेन्सेक्स चार हजारांहून जास्त अंकांनी कोसळला. महाराष्ट्रात ४८ पैकी सत्ताधारी युतीला १७ आणि विरोधी आघाडीला ३० जागा मिळाल्या. अंदाज आणि निकाल यांतली दरी मोठी होती, पण त्या वेळी मतदान यंत्राकडे फारसे कोणी बोट दाखवले नाही. सगळा रोष सर्वेक्षणवाल्यांवर आणि शेअर बाजारातल्या उलाढालीवर गेला. अपवाद मुंबई उत्तर-पश्चिमचा. तिथे निकाल ४८ मतांनी लागला आणि गोरेगावच्या मोजणी केंद्रात वापरलेल्या एका मोबाइलवरून गदारोळ झाला.

ऑक्टोबरमध्ये हरियाणात वारे फिरले. बहुतेक सगळ्या एक्झिट पोलनी विरोधकांचे सरकार दाखवले होते. ८ ऑक्टोबरला सत्ताधारी पक्ष ९० पैकी ४८ जागा घेऊन परत आला. या वेळी यंत्राची बॅटरी संशयात सापडली. दिवसभर वापरलेल्या यंत्रात ९९ टक्के चार्ज कसा, असा पराभूतांचा सवाल होता. बॅटरीचे व्होल्टेज ठरावीक पातळीच्या खाली जाईपर्यंत पडद्यावर ९९ च दिसतात, असे निवडणूक आयोगाने सांगितले. खुलासा पटण्यासारखा होता, पण आला तक्रारीनंतर. आधी कुणी सांगितले नव्हते.

मग आपला नोव्हेंबर. २० तारखेला मतदान आणि २३ ला मोजणी. इथे एक गोष्ट नेहमी विसरली जाते. बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी युतीच पुढे दाखवली होती. दिशा चुकली नव्हती, चुकले ते माप. सर्वांत उदार अंदाजही दोनशेच्या आसपास थांबला होता आणि युतीतल्या तीन मुख्य पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. विरोधी आघाडीतल्या तीन पक्षांना ४६. सहा महिन्यांपूर्वी ३० खासदार निवडून देणारे राज्य एवढे कसे बदलले, हा प्रश्न डोंबिवली लोकलमध्येही होता आणि वाशीच्या बाजार समितीतही.

ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. त्यातल्या बेलापूरचा निकाल या सगळ्या चर्चेवर चांगला प्रकाश टाकतो. पहिल्या दोन्ही उमेदवारांना ९१ हजारांवर मते पडली आणि निकाल ३७७ मतांनी लागला. नेरुळच्या मोठ्या सोसायटीतले दोन मजले वेगळे वागले असते तरी निकाल फिरला असता. एक्झिट पोलवाला केंद्रापासून लांब फाटकाबाहेर उभा राहतो. दहा जणांना विचारले तर चार जण मान हलवून रिक्षात बसतात. उरलेल्यांच्या उत्तरांवरून आधी मतांचा वाटा काढायचा आणि मग त्या वाट्याच्या जागा करायच्या. राज्याच्या पातळीवर दोन टक्क्यांची चूक झाली की जागांमध्ये ती पन्नासांची होऊ शकते. बेलापूरसारखी जागा त्या चाळणीतून कुणाच्याही बाजूला पडेल. एक्झिट पोल हा मोजणीविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही, हे मी ठामपणे म्हणतो. पण म्हणून मोजणीबद्दल प्रश्नच विचारू नयेत, असे होत नाही.

खरा प्रश्न मतदानाच्या टक्केवारीचा होता. संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के आणि अंतिम आकडा ६६.०५. फरक ७.८३. राज्यात मतदार सुमारे ९ कोटी ७० लाख, म्हणजे जवळजवळ ७६ लाख मते. ऐकताना आकडा प्रचंड वाटतो. राज्यात केंद्रे साधारण एक लाख होती, त्यांत तो वाटला की केंद्रामागे सरासरी ७६ मते येतात. पाच ते सहा या तासातले मतदान, सहा वाजता फाटक बंद झाल्यावर रांगेत चिठ्ठी देऊन उभे केलेले लोक आणि फोनवरून उशिरा आलेली आधीचीच माहिती, हे सगळे त्यात आले. नवी मुंबईत कामावरून परतणारा माणूस पाचनंतरच रांगेत लागतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मग खुलासा सोपा होता. सहानंतर कुठल्या केंद्रावर किती चिठ्ठ्या दिल्या, याचा एकत्रित हिशेब लोकांपुढे ठेवायचा. तो ठेवला गेला नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयात याच मतांवरून याचिका झाली आणि जून २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. लोकसभा ते विधानसभा या काळात मतदारयादीत पडलेल्या सुमारे ४० लाख नावांच्या भरीचा वादही याच सुमाराचा. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने तर ३ डिसेंबरला स्वतःच कागदी मतपत्रिकांवर मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते राहून गेले.

फार मागे जायची गरज नाही, थोडक्यात सांगतो. यंत्र पहिल्यांदा वापरले गेले १९८२ मध्ये केरळातल्या परवूरला, पन्नास केंद्रांवर. कायद्यात तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ती निवडणूक रद्द केली, मग कायदा बदलला आणि २००४ मध्ये सगळ्या ५४३ जागा यंत्रावर गेल्या. त्याच २००४ मध्ये एक्झिट पोल साफ आपटले होते, तरी यंत्रावर वादळ उठले नाही. २००९ च्या पराभवानंतर यंत्राबद्दल पहिला मोठा आवाज उठवला तो आज सत्तेत असलेल्यांनी. टप्प्याटप्प्याच्या मतदानात एक्झिट पोल दाखवण्यावर कायद्याने बंदी आली तीही २००९ च्याच दुरुस्तीने. त्याआधी आयोगाने नुसत्या सूचना काढून बंदी घालायचा प्रयत्न केला होता, पण कायद्याचा आधार नसल्याने तो १९९९ मध्ये न्यायालयात टिकला नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने मत कुणाला गेले ते छापील चिठ्ठीवर दाखवणारे यंत्र, म्हणजे व्हीव्हीपॅट, आवश्यक ठरवले.

आता ज्या शब्दाने सगळ्यांत जास्त घोळ घातला आहे, त्याकडे येतो. पडताळणी.

बातमीत ‘यंत्रांची पडताळणी’ असे वाचले की वाचणाऱ्याला वाटते, मते पुन्हा मोजली. हा एकच शब्द आज तीन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो. पहिली पडताळणी मोजणीच्याच दिवशी होते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रे सोडतीने निवडायची आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या यंत्रातल्या आकड्यांशी जुळवायच्या. हे २०१९ पासून आहे. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे चार कोटींहून जास्त चिठ्ठ्या अशा जुळवल्या गेल्या. न्यायालयापुढे आलेला न जुळल्याचा एक प्रसंग आंध्र प्रदेशातल्या एका केंद्राचा होता आणि कारण होते सकाळच्या मॉकपोलची, म्हणजे चाचणी मतदानाची, मते यंत्रातून न पुसणे. दुसरी पडताळणी म्हणजे फेरमोजणी. ती उमेदवार मागतो, निर्णय निवडणूक अधिकाऱ्याचा.

तिसरी २६ एप्रिल २०२४ च्या निकालातून आली. सर्व चिठ्ठ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी फेटाळली, पण दोन गोष्टी दिल्या. यंत्रात चिन्हे भरणारे उपकरण मोजणीनंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायचे. आणि दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागितले, तर त्या क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची ‘बर्न्ट मेमरी’ कंपनीच्या अभियंत्यांनी तपासायची. खर्च उमेदवाराचा. छेडछाड सापडली तर पैसे परत.

इथेच गाठ बसली. आधी पाच केंद्रे होती, आता पाच टक्के यंत्रे आली. चहाच्या टपरीवर दोन्हींचे एकच झाले. त्यात ‘बर्न्ट मेमरी’ ऐकून काहींना वाटले की मेमरी जळाली आहे किंवा जाळली जाते. प्रत्यक्षात चिपमध्ये एकदाच कायमचा उतरवलेला प्रोग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. कुणाला किती मते पडली हे त्या तपासणीत पाहायचेच नसते. प्रोग्रॅम बदललेला नाही ना, एवढे पाहायचे असते.

आयोगाने या तपासणीची पद्धत ठरवली ती अशी. उमेदवाराने यंत्रे निवडायची, एका संचामागे ४० हजार रुपये आणि वर जीएसटी भरायचा, मग त्या यंत्रावर चौदाशेपर्यंत मतांचा मॉकपोल घेऊन आकडा आणि चिठ्ठ्या जुळतात का ते पाहायचे. पराभूत उमेदवार म्हणाले, आम्ही पैसे मूळ मते पाहण्यासाठी भरले होते. नवा मॉकपोल घेताना मतदानाच्या दिवसाची नोंद पुसली जाणार असेल तर पडताळणी कसली? माझ्या मते या आक्षेपात वजन होते. न्यायालयालाही ते वाटले असावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने आयोगाला सांगितले की यंत्रातली माहिती पुसू नका, नव्याने भरू नका, आणि चाळीस हजार ही रक्कमही जास्त आहे. एप्रिल २०२४ च्या त्या न्यायनिकालानंतर जवळजवळ दहा महिन्यांनी शब्दाचा अर्थ थोडा सरळ झाला. तोवर महाराष्ट्राची निवडणूक होऊन गेली होती आणि भरलेल्या अर्जांचे काय झाले, हे लोकांना सांगताना प्रत्येक कार्यकर्ता आपापला अर्थ लावत होता.

मूळ मते पुन्हा पाहिली की काय होते, याचे एक उदाहरण हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातले आहे. सरपंचपदाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे दिल्लीला आणवून मोजणी करून घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हरलेला उमेदवार ५१ मतांनी विजयी ठरला. यंत्रात छेडछाड झाली, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. पण कागदावर जाहीर झालेला निकाल चुकीचा असू शकतो आणि यंत्र पुन्हा उघडल्यावर तो दुरुस्त होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

कागदावरून सतरा सी आठवतो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष भरतो तो नमुना. यंत्राचा क्रमांक, सीलचा क्रमांक, एकूण किती मते नोंदली गेली, आणि खाली सह्या. त्याची प्रत हजर पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रावरच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला, द्यावी लागते. मोजणीच्या टेबलावर मते साठवणाऱ्या कंट्रोल युनिटचे सील दाखवून आधी ‘टोटल’ दाबतात. तो आकडा सतरा सीशी जुळला की मग ‘रिझल्ट’. आमच्या नेरुळच्या सोसायटीतले एक काका २० नोव्हेंबरच्या रात्री नऊनंतर घरी आले तेव्हा ती प्रत चौघडी करून त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, घामाने थोडी ओली. २३ तारखेला जाळीमागे बसून त्यांनी पेन्सिलने आकड्याखाली रेघ मारली. त्यांच्या केंद्राचा आकडा जुळला. शेजारच्या केंद्राचा जुळला की नाही ते त्यांना सांगता आले नाही, कारण तिथला एजंट पाचलाच जेवायला गेला होता आणि प्रत कुणी घेतलीच नव्हती. ७६ लाखांचा वाद केंद्राकेंद्रावर मिटवता आला असता तो याच कागदाने. लोकसभेच्या वेळी सगळे सतरा सी ४८ तासांत संकेतस्थळावर टाका अशी मागणी न्यायालयात गेली होती. २४ मे २०२४ ला, निवडणूक चालू असताना, न्यायालयाने तसा आदेश द्यायला नकार दिला.

त्यानंतर दारे आणखी ओढून घेतली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांना पाहायला मिळण्यावर मर्यादा आली. मे २०२५ च्या सूचनेनुसार निकालाला आव्हान दिले नसेल तर चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करता येते. मतदाराची गोपनीयता आणि चित्रणाचा गैरवापर ही कारणे दिली गेली. रांगेत उभ्या बाईचा चेहरा समाजमाध्यमावर फिरू नये हे मान्य. पण सहा वाजता रांग किती लांब होती, हे दाखवणारे दुसरे साधन लोकांपाशी नाही.

१५ जानेवारी २०२६ ला ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिकांचे मतदान झाले ते ही सगळी पार्श्वभूमी घेऊन. ही निवडणूक राज्याच्या वेगळ्या आयोगाची, नियम वेगळे. ठाण्यात १३१ जागा, नवी मुंबईत १११, आणि दोन्हीकडे एकेक प्रभाग सोडला तर बाकी प्रत्येकात चार नगरसेवक. नवी मुंबईकर आजवर पालिकेच्या प्रत्येक निवडणुकीत एकदाच बटण दाबत होता, या वेळी चारदा दाबायचे होते. चार मतांचे व्हीव्हीपॅट उपलब्ध नाही म्हणून चिठ्ठी कुठेच नव्हती, आणि चिठ्ठी नाही म्हणजे पाच केंद्रांची पहिली पडताळणीही नाही. दुसऱ्याच दिवशी मोजणी झाली. काका या वेळी कोऱ्या कागदांची वही घेऊन गेले होते, एजंट नसलेल्या केंद्रांचे आकडेही उतरवून घ्यायला.